रोज चाळीस मिनिटं

२ फेब्रुवारी, सोमवार

घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. नाकातून नळी घालून आत पाहिलं. स्वरतंतूंवर दोन बारक्या गाठी. घाबरण्यासारखं काही नाही, आवाज वापरून वापरून झिजवलाय म्हणाल्या. काम काय करता, असं विचारलं. मी तोंड उघडणार तोच त्यांनी हात वर केला, म्हणून सुलभाने सांगितलं. रविवारी रायपुरात तात्यापाऱ्यातल्या आमच्या चर्चच्या मंडळीत उपदेश, चार दिवस सेमिनरीत होणाऱ्या पास्टरांना शिकवणं, गुरुवारी संध्याकाळी उरल्याच्या कारखान्यांकडे कामगारांमध्ये सुवार्ता, शिवाय आजारी माणसं, मयती, लग्नं. बायकोचा सूर तक्रारीचा होता की अभिमानाचा, कळलं नाही.

हुकूम असा: सात दिवस एक शब्द नाही. मग तीन आठवडे रोज चाळीस मिनिटं. उरलेली मिनिटं दुसऱ्या दिवशी चालणार नाहीत. कुजबुजही बंद, तिने जास्त ताण येतो. २ मार्चला पुन्हा तपासणी. गाठी उतरल्या नाहीत तर ऑपरेशन, आणि नंतर आवाज कसा राहील याची खात्री नाही. आणि काही झालं तरी तीनपैकी एक काम कायमचं सोडा.

सोडू कोणतं? तिन्ही देवानेच दिलीत, असं मी इतकी वर्षं सांगत आलोय.

४ फेब्रु., बुध.

गळ्यात पाटी अडकवून वर्गात गेलो. मी शिकवतो संदेश कसा द्यावा हे, आणि आज मुकाच. पोरं पाच मिनिटं हसली, मग आपापल्या सरावाचे संदेश देऊ लागली. एरवी मी दर दोन वाक्यांना अडवतो. आज अडवता येईना. अनिमा (जशपूरकडची, शेवटचं वर्ष) पहिल्यांदा तिचा संदेश शेवटपर्यंत बोलली. चांगला शेवट होता. तिला शेवट करता येतो हे मला ठाऊकच नव्हतं.

सेमिनरीच्या वाटेवर, नव्या रायपूरच्या रुंद रस्त्यावर स्कूटर चालवताना गाणं म्हणायची सवय. तीही बंद. रस्ता दुप्पट लांब वाटला.

५ फेब्रु., गुरु.

उरल्याला गेलो नाही. तीन वर्षांत पहिला खाडा. खरं सांगायचं तर बरं वाटलं. घरी भजी खाल्ली.

८ फेब्रु., रवि.

उपदेश नाही. मंडळीतल्या जुन्या सॅम्युएल काकांनी शास्त्रवाचन केलं, बाकी सगळी गाणी. मंडळी ताजीतवानी होऊन घरी गेली. याचा फार विचार करायचा नाही.

मनातल्या मनात प्रार्थना जमत नाही. मला मोठ्याने करायची सवय. गप्प बसलो की गॅस सिलिंडर आठवतं. तरी आज बराच वेळ नुसता बसलो. काही मागितलं नाही. उठावंसं वाटलं नाही.

९ फेब्रु., सोम.

तोंड उघडलं. पहिला शब्द कोणता असावा यावर सात दिवस विचार केला होता. प्रत्यक्षात "मीठ" निघाला. भाजीत नव्हतं.

सुलभा म्हणाली, एवढ्या वर्षांत या आठवड्यात पहिल्यांदा तिची वाक्यं पूर्ण झाली. तिला आणखी आठवडाभर चाललं असतं.

चाळीसपैकी नऊ मि. शेजाऱ्यांना घशाचं काय झालं ते सांगण्यात गेली. मूर्खपणा.

११ फेब्रु., बुध.

प्राचार्यांनी बोलावलं. जुलैपासून पूर्णवेळ सेमिनरीत या, मंडळी रविवारपुरती ठेवा, उरला सोडा. २ मार्चला सकाळी उत्तर हवं, वेळापत्रक लावायचं आहे. माणूस भला आहे, माझ्या भल्याचंच बोलत होता. तीन वर्षांत उरल्यातून किती जण आले, असं विचारलं. मी एक बोट वर केलं. "आला?" मी नकारार्थी मान हलवली. ऐकतो आहे, एवढंच.

तो एक म्हणजे मेश्राम. मूळ भंडाऱ्याचे, रोलिंग मिलमध्ये, रिटायरमेंटला आलेले, पक्के बौद्ध. मिलच्या गेटसमोर चहाच्या ठेल्यावर माझ्याशेजारी बसतात. मागून ट्रक, समोरून धूळ, आणि मी घसा ताणून बोलतो. बाकीचे चहा संपला की उठतात. मेश्राम शेवटपर्यंत बसतात आणि दर मुद्द्याला "हव, हव" म्हणतात. माझ्या दर महिन्याच्या अहवालात ठरलेलं वाक्य असतं: एक बंधू गांभीर्याने ऐकत आहेत.

सुलभाचंही मत उरला सोडावा. माझंही तेच झालं. उद्या जाऊन निरोप घेतो.

१२ फेब्रु., गुरु.

हसू की रडू. सुलभाला पाटीवर लिहून सांगितलं तर ती स्वयंपाकघरात जाऊन हसली, मला ऐकू येईल असं.

झालं असं की सकाळी वर्गात एकाने प्रश्न काढला आणि माझी चाळीसच्या चाळीस मि. तिथेच संपली. उरल्याला पोचलो तेव्हा शिल्लक शून्य. पाटी नेली होती. घशाचं थोडक्यात लिहिलं आणि खाली लिहिलं, "यापुढे गुरुवारी येणं जमणार नाही." मेश्रामांनी चष्मा लावून वाचलं. दोनदा वाचलं. मग म्हणाले,

"पास्टर, आता तुम्ही जाऊनच राहिले तं सांगतो. मले ऐकू येत नाही."

मी स्वतःच्या कानाकडे बोट केलं.

"डावा कान तं मिलमध्येच गेला. उजव्यानं थोडंथोडं. अन् तुम्ही बसता डाव्या बाजूले."

पाटीवर लिहिलं: मग हव हव काहून?

"तुम्ही एवढ्या दुरून येता. जीव तोडून बोलता. थांबले का मी हव म्हणतो. तुमचं तोंड पाह्यलं का बरं वाटे."

तीन वर्षं. ज्या ओरडण्याने गाठी आल्या, त्यातलं निम्मं या माणसासाठी, तेही त्याच्या गेलेल्या कानात. आणि मी अहवाल लिहितोय, गांभीर्याने.

निघताना ते म्हणाले, पाटी बरी आहे, पाटीवरचं सगळं समजून राहिलं. निरोपाचं लिहिलेलं त्यांनी स्वतःच्या रुमालाने पुसलं.

१३ फेब्रु., शुक्र.

सकाळी राग आला. देवाला म्हटलं (मनात), मला आधी सांगायला काय झालं होतं? दुपारपर्यंत राग गेला. विचार केला, तीन वर्षांत मी मेश्रामांना एक तरी प्रश्न विचारला का, ज्याला हव सोडून दुसरं उत्तर द्यावं लागेल? नाही. वर्गात मी मुलांना शिकवतो, आधी ऐकणाऱ्याला ओळखा. त्यावर दोन गुणांचा प्रश्नही काढतो.

१५ फेब्रु., रवि.

उपदेश बारा मि. विषय मान्ना. रानात लोकांना रोजची भाकर रोज मिळायची, साठवली तर नासायची. हे मी पाच-सहा वेळा सांगितलं असेल, पण आज पहिल्यांदा मला स्वतःला लागू झालं. घड्याळ पुढ्यात ठेवून बोललो. दाखले गाळले, दुसरा मुद्दा गाळला. उपासनेनंतर सॅम्युएल काकांनी स्वतःचं घड्याळ कानाला लावून पाहिलं. बंद पडलंय की काय, असं वाटलं त्यांना.

१८ फेब्रु., बुध.

ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू. लोक मटण सोडतात, मी बोलणं.

१९ फेब्रु., गुरु.

उरला. बोलायला वीस मि. शिल्लक होती, तरी पाटीच काढली. उजव्या बाजूला बसलो. लिहिलं: घरी कोण कोण? एवढा साधा प्रश्न.

बायको शांताबाई चार वर्षांपूर्वी गेल्या. मुलगी नागपूरला. त्यांची आठवड्याची सुट्टी गुरुवारी. मी समजत होतो की ते ड्यूटी संपवून ठेल्यावर येतात. ते सुट्टीच्या दिवशी, धुतलेला शर्ट घालून, गेटसमोर यायचे. क्वार्टरमध्ये एकट्याने बसवत नाही म्हणून.

ठेल्यावर आणखी दोघे जण पाटी वाचायला मागून वाकले. याआधी माझ्यासाठी कोणी वाकलं नव्हतं.

मग मेश्रामांनी विचारलं, तुम्ही माझ्यासाठी प्रार्थना करता असं म्हणत होते (एवढं ऐकू आलं होतं), तर मागता काय? खोटं लिहवेना. लिहिलं, तुम्ही आमच्या मंडळीत यावं म्हणून. त्यांनी वाचलं, रागावले नाहीत. म्हणाले, "ते तुमच्यासाठी झालं. मायासाठी काय मागता?"

पाटी पुसली. मग लिहिलं, कान दाखवले का कोणाला?

२१ फेब्रु., शनि.

माझ्याच डॉक्टरीणबाईंकडे मेश्रामांना नेलं. बाई म्हणाल्या, एकाने बोलायचं नाही, एकाला ऐकू येत नाही, तुम्ही जोडीनेच कसे आलात? मशीन लावली तर उजव्या कानाने चांगलं ऐकू येईल. मेश्राम आधी नको म्हणाले, या वयात कशाला. मी माझी अकरा मि. त्यांना पटवण्यात घालवली, बाईंसमोरच. बाईंनी घड्याळ पाहिलं, पण काही म्हणाल्या नाहीत.

२२ फेब्रु., रवि.

आजचा उपदेश अनिमाला करायला दिला. हिंदीतून. आमच्या तरुण पोरांना मराठी कळतं पण उत्तर हिंदीतच येतं. आज ती पोरं पुढच्या बाकांवर सरकली. जुनी मंडळी कुरकुरेल असं वाटलं होतं. सॅम्युएल काका दारात थांबून म्हणाले, "पोट्टी बरी बोलली. काहून पह्यले नाही आणली?" मला आनंद झाला आणि थोडं लागलंही. दोन्ही लिहून ठेवतो.

२५ फेब्रु., बुध.

प्राचार्यांना द्यायचं पत्र तीनदा सुरू केलं. उरला सोडतो, असं लिहिलं, खोडलं. वर्ग कमी करा, असं लिहिलं, खोडलं. शिकवणं माझं पहिलं प्रेम. मंडळी सोडतो, हे लिहायला हातच वळेना. मुलांना वर्गात सांगतो, देवावर भरवसा ठेवा. भरवसा ठेवून निवडायचं काय, हे पुस्तकात नाही.

आज एकतीस मि.च वापरली. नऊ वाया गेली. वाया गेल्यासारखी वाटली नाहीत.

१ मार्च, रवि.

सकाळी उपदेश, दुपारी एका आजारी आजींकडे. छत्तीस मि. संपली. उद्या सकाळी आधी प्राचार्य, मग डॉक्टर.

संध्याकाळी दारात मेश्राम. पहिल्यांदा घरी आले. धुतलेला शर्ट, उजव्या कानात मशीन. काल बसवून घेतली. सुलभाने चहा टाकला तर बशीचा आवाज ऐकून दचकले, मग हसले. खुर्ची माझ्यासमोर ओढली, हात मांडीवर ठेवले.

"आता बोला, पास्टर. तीन वर्षांचं राह्यलं आहे. पह्यल्यापासून सांगा."

घड्याळ पाहिलं. चार मि. उपदेश शिकवणारा माणूस मी, आणि एक मुद्दा आठवेना. मग जे होतं तेच सांगितलं. आवाज बंद झाला तेव्हा मी घाबरलो. बोलू शकलो नाही तर मी कोणाच्या कामाचा, असं वाटलं. पण त्या सात दिवसांत देव माझ्यापासून हलला नाही, मी त्याचं काहीच काम करत नव्हतो तरी. तुम्हालाही असा कोणी आहे, एकट्या क्वार्टरमध्येसुद्धा, हेच मला तीन वर्षं सांगायचं होतं. तुम्ही मंडळीत यावं असं अजूनही वाटतं, ते लपवत नाही. पण आता तेवढ्यासाठी येत नाही.

तीन मिनिटांत झालं. मेश्रामांनी कानातल्या मशीनला बोट लावून पाहिलं. मशीन बंद पडली की काय, अशी मला शंका आली.

"एवढंच?" ते म्हणाले. "मंग ट्रकवर काहून वरडत होते?"

सुलभा इतकी हसली की चहा सांडला. मीही हसलो, गळा धरून.

मग ते गंभीर झाले. "मले पटलं असं नाही. मी जय भीमवालाच आहो."

मी मान हलवली.

"पण ऐकलं. पुरं ऐकलं." चहा संपवला, उठले, दारात चपला घालता घालता विचारलं, "गुरुवारी याल ना?"

"येईन."

घड्याळ न पाहता बोललो. ते गेल्यावर सुलभाने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे. पत्र टेबलावर तसंच खाडाखोड केलेलं पडलं आहे. उरला सुटला नाही एवढं झालं. म्हणजे आता वर्ग, नाहीतर मंडळी, नाहीतर घसा. यातलं काय जाणार ते मला खरंच माहीत नाही. तरी मजेत आहे. सुलभा म्हणते, उद्या डॉक्टरांसमोर तरी मला बोलू द्या.