कर्नाळ्याआधी आकाश

३ नोव्हेंबर
लग्नानंतर पनवेलला आलो, तेव्हाची एक सकाळ आठवली. चारुदत्तांनी बाल्कनीच्या कठड्यावर कप ठेवला आणि म्हणाले, "तो कर्नाळ्याचा सुळका बघ, अंगठा काढून लिफ्ट मागतोय." मी म्हटलं, "आधी कप उचला, खाली पडेल." एवढंच. मग कित्येक वर्षं रोज चहा आणि सुळका. आता ते नाहीत, आणि समोरच्या प्लॉटवर टॉवर उठतोय.
ठरलं. टॉवर वर येण्याआधी सुळका वॉटरकलरमध्ये. समोर बसून, फोटोवरून अजिबात नाही. शेजारची नीता मोबाईलमधल्या फोटोंवरून रोज एक चित्र उरकते आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकते. म्हणाली, "ताई, निदान एक फोटो काढून ठेवा." मी नुसती हसले. कलाकाराला घाई नसते.

९ नोव्हेंबर, सकाळी ७
वॉटरकलरमध्ये मागून पुढे यायचं, फिकटाकडून गडदाकडे. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर ॲग्नेस टेबलावर पट्टी आपटून सांगायच्या, "स्काय फर्स्ट, गर्ल्स!" म्हणून आधी आकाश, ते वाळलं की सुळका.
कागद ओला केला, निळा सोडला. सुंदर पसरला. फारच पसरला. सुळक्याच्या जागीही आकाश. उद्या नवा कागद.

२८ नोव्हेंबर
आकाश बरं जमतंय. पण मला 'बरं' नकोय.
कृष्णाबाई केर काढता काढता थांबल्या. "ताई, यात काय हाय? मना तर काय दिसत नाय." सकाळचं आकाश आहे, म्हटलं. "आनी डोंगर कदी?" आकाश वाळल्यावर. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं आणि पुन्हा झाडू उचलला.

१४ डिसेंबर
टॉवरची सिमेंटची धूळ ओल्या आकाशावर बसली. नीता म्हणाली, "वा, टेक्स्चर आलंय!" टोमणा कळतो मला.

६ जानेवारी
सुळक्याचा पायथा टॉवरमागे गेला. बरंच झालं. कंपोझिशन जड झाली असती.

२५ जानेवारी
जमलं! फिकट केशरी, कडेला किंचित हिरवट. सिस्टर ॲग्नेसनी पट्टी खाली ठेवली असती. हेअर ड्रायर तत्त्वात बसत नाही, आपोआप वाळू दे. तोवर सोसायटीत हळदीकुंकवाला जाऊन येते, आमच्याकडे ते सगळ्या बायकांचं असतं, नवरा असो वा नसो. सुळका उद्या. उद्या सव्वीस जानेवारी, टॉवरचं काम बंदच असणार.

२६ जानेवारी
काम बंदच आहे. पण काल मी वाण लुटत होते तेवढ्यात समोर हिरवी जाळी चढली. सुळक्याचं टोकही दिसत नाही.
नीता दारात आली. "माझ्याकडे जुना फोटो आहे, पाठवू? भावोजीपण आहेत त्यात." नको म्हटलं. फोटोत ते नेहमी आठ्या घालून उभे असतात. बाल्कनीत तसे नसायचे.

२ फेब्रुवारी
उपाय सापडला! टॉवरच्या फलकावर ठळक अक्षरांत 'कर्नाळा व्ह्यू'. म्हणजे सुळका त्यांच्याकडे आहे. उद्या सॅम्पल फ्लॅट बघायला जाणार. ब्रश पर्समध्ये, कागद साडीच्या पिशवीत. पंचवीस जानेवारीचं आकाश घरीच राहील. त्याखाली तीन फेब्रुवारीचा सुळका म्हणजे शुद्ध फसवणूक.

३ फेब्रुवारी
डोक्यावर पिवळं हेल्मेट, सातवा मजला. सेल्सचा सत्यजीत फार अदबशीर. "मॅडम, आधी मास्टर बेडरूम बघू या?" म्हटलं, आधी बाल्कनी.
आणि होता की! पायथ्यापासून टोकापर्यंत. डोळे भरून आले. सत्यजीतने पाण्याचा ग्लास दिला. मी त्यात ब्रश बुडवला.
"मॅडम, हे काय?"
"व्ह्यू तपासतेय."
वेळ थोडा होता. तरी नियम म्हणजे नियम. आकाशापासून सुरुवात केली.
ते वाळण्याआधीच दुसरी पार्टी आली. "आंटी, निघू या ना, प्लीज." फ्लॅट घेत नाही हे कळताच मॅडमची आंटी झाले. मात्र कागद त्याने आडवा धरून सांभाळून खाली आणला. लिफ्टमध्ये म्हणाला, "छान आहे, आंटी. काय आहे हे?"

७ फेब्रुवारी
मी हरलेले नाही. सुळक्यासमोर कोणीही बिल्डिंग बांधेल, सगळ्या आकाशासमोर बांधून दाखवा. फक्त आकाशांनी भरलेल्या कपाटाचं दार आता बंद होत नाही. म्हणून वाटप:
धुळीचं आकाश नीताला, टेक्स्चरसकट.
कृष्णाबाईंनी दोन मागितली आहेत, डब्यांखाली घालायला. कागद जाड आहे, टिकेल. द्यावीत.
भाची अनुया उलव्याला राहते, तिच्या खिडकीत नुसत्या क्रेन. तिला सगळ्यात मोठं.
सत्यजीतला तीन फेब्रुवारीचं. काय आहे ते पाठीमागे लिहून द्यावं.
पंचवीस जानेवारीचं कोणालाही नाही. ते अजून वाळतंय.