मोठे बाण बंद

२७ डिसेंबर
दागफिन्नुर आज जेवणावरून उठून गेला. धुरी दिलेलं मटण ताटात तसंच. तीस वर्षांचा घोडा, आणि रुसतो कशावरून — तर बाणांवरून!

राजधानीतून, रेक्याविकहून फर्मान आलंय: यंदापासून मोठे बाण सामान्य गिऱ्हाइकाला विकायचे नाहीत. दारू जास्त भरलेले सगळे परत पाठवा. आमच्या बचाव पथकाचं फटाक्यांचं दुकान मी चालवते, म्हणजे शिव्याही मलाच. पथकाची होडी, तेल, दोर, पोशाख — सगळं या चार दिवसांच्या विक्रीवर चालतं. मोठे बाण गेले की गल्ला आटणार, हे मला काय कळत नाही? पण गेल्या वर्षी धक्क्यावर एक बाण आडवा सुटला आणि शाळेतल्या एका पोरीचा डोळा गेला. पथक म्हणून धावले ती मीच, आणि तो बाण विकलेलाही आमच्याच दुकानातून. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. नियम करणाऱ्यांचं भलं होवो.

खोकी बांधली, पाठवून दिली. पोटचा पोरगा रुसला तर रुसला.

२८ डिसेंबर
दुकान उघडलं. दिवसभर टोमणे. शेजारच्या म्हाताऱ्या थोरलाकुरनं छोटा बाण उचलून विचारलं, हा पेटवायचा की यानं दात कोरायचे? मीही हसले. मग त्यानं सहा घेतले.

दागफिन्नुरचं दुखणं वेगळं आहे. मधल्या डोंगरावरून पलीकडच्या खाडीतल्या लोकांना दिसतो तो फक्त मोठा बाण. कुणाचा उंच जातो, ही दोन्ही खाड्यांची जुनी चढाओढ. यंदा तिकडच्यांनी त्याला फोन करून विचारलं म्हणे, मेणबत्त्या तरी लावणार ना? ते त्याला फार झोंबलंय.

२९ डिसेंबर
तरीच! गेल्या वर्षीचे दोन मोठे लाल बाण त्याच्या होडीच्या शेडमध्ये पडून आहेत. ते खाडीच्या तोंडाशी नेऊन सोडायचे, असा बेत. तिथून दोन्हीकडे दिसतं. बरोबर केटिल, शाळेपासूनचा जोडीदार. दोघांची मिळून अक्कल एकाएवढी.

मी म्हटलं, उघड्या होडीतून, या थंडीत, खडकांच्या मधून जाणार?

"तुझा नियम जमिनीवरचा, आई. समुद्रावर तुझं दुकान नाही."

"गेलास तर माझ्याशी बोलू नकोस."

"बरं," म्हणाला. दार हळूच लावून गेला. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

३० डिसेंबर
नाही बोलला. मीही नाही. दोनदा फोन हातात घेतला आणि ठेवला.

३१ डिसेंबर
संध्याकाळी वर्षअखेरच्या होळीभोवती सगळं गाव होतं, हे दोघे नव्हते. होडीही जागेवर नव्हती. गेले तर!

साडेदहाला घरोघरी टीव्हीसमोर बसले लोक. सरत्या वर्षाची टिंगल करणारा कार्यक्रम लागतो, तेवढा तास बाहेर चिटपाखरू नसतं. मला हसायला येईना. धक्क्यावर गेले. ढग खाली आलेले, बारीक बर्फ. आणि टेकाडामागून, खाडीच्या तोंडाकडून, लाल उजेड ढगात उमटला. बराच वेळ रेंगाळला. मोठ्या बाणाची ऐटच तशी. बाराची वाटसुद्धा पाहवली नाही गाढवाला!

आधी तळपायाची आग मस्तकात गेली. मग काय झालं कोण जाणे, तिथे एकटी उभी राहून रडले. बाण सोडून तो इकडेच बघत असणार, हे मला ठाऊक होतं. दुकानातून एक छोटा आणला, हिरवा. बर्फात खोचला, पेटवला. सरळ गेला बिचारा. म्हटलं, घे, बोलले तुझ्याशी.

आता कॉफी ठेवलीय. आला की आधी मिठी मारीन, शिव्या नंतर. फार हलकं वाटतंय.

१ जानेवारी
आला नाही. फोन लागत नव्हता. एक वाजता मी पथक उठवलं. बर्फ इतकं की होडीचं नाक दिसेना. मला होडीत चढू दिलं नाही. आई आहेस, म्हणाले, तू किनाऱ्यावर थांब.

उजाडलं तरी काही नाही.

२ जानेवारी
काल दुपारी सापडले, पाण्यातल्या खडकावर. अंधारात होडी त्यावरच फुटली होती. केटिलमध्ये धुगधुगी आहे. माझा दागफिन्नुर गेला.

फुटक्या होडीत ते दोन मोठे बाण मिळाले. भिजलेले, एकही सुटलेला नाही. सांगणाऱ्याला वाटलं, पोरानं नियम मोडला नाही, मला तेवढंच समाधान. वीस वर्षं पथकात आहे मी. मग तो लाल उजेड कसला होता, हे मला कुणी सांगायला नको.

३ जानेवारी
दुकानाला कुलूप लावलं. काही लिहवत नाही.

४ जानेवारी
केटिल बोलला. होडीतल्या डब्यात मदत मागायचे तीन लाल बाण होते, ते वेगळे. एक सोडला. उरलेले दोन, पथक जवळ आलं की लागतील म्हणून ठेवून दिले. पुढे लाटेनं डबाच नेला. धक्क्यावरून हिरवा वर गेला तेव्हा दागफिन्नुर हसला म्हणे.

"आईनं पाहिलं," म्हणाला. "आता येतीलच."