परीक्षणांतला सोशिक नवरा

दिग्दर्शकसाहेब,

हे पत्र मी पाठवणार नाही. त्याचाही तू सिनेमा करशील.

परीक्षणं वाचली. व्यसनी बायकोला जिवापाड जपणाऱ्या नवऱ्याचं सगळ्यांनी तोंड भरून कौतुक केलंय. एकाने लिहिलंय, ‘हे स्वतः भोगल्याशिवाय सुचत नाही.’ मुलाखतीत तूही म्हणालास, ही माझ्याच संसाराची गोष्ट.

सुया तू टोचून घ्यायचास आणि उलट्या मी पुसायचे. तुझी अब्रू जाऊ नये म्हणून माहेरीसुद्धा मी अवाक्षर काढलं नाही.

काल आई सिनेमा पाहून थेट माझ्याकडे आली.

“मला एका शब्दाने सांगितलं नाहीस?”

“अगं, मी नाही, तो घ्यायचा.”

तिने माझा हात जवळ ओढला आणि बाही वर सारून पाहिली.

तुझी, एके काळची,
बायको