रीनाला सांगितलंस ते

दिल्ली,
८ नोव्हेंबर २००९

प्रिय प्रेमिलाताई,
सप्रेम जयभीम.

फुलचूरला धानकापणी आटोपत आली असेल. भाऊजींचा गुडघा कसा आहे? मी बरी आहे. विद्यापीठाने तीन खोल्यांचं घर दिलंय, त्यातल्या दोन खोल्यांचे दिवे मी लावतच नाही. रविवारी बोलायला कोणी नसतं, म्हणून भाजीवाल्याशी उगाच घासाघीस करते. तो मला चिक्कू मास्तरीण समजतो. समजू दे.

माझा तो लेख छापून आला तेव्हा तू पेढे वाटले होतेस. राइस मिलमध्ये तांदळातले काळे दाणे निवडणाऱ्या बायांचं काम यंत्राने घेतलं, पुढे त्यांचं काय झालं, हे विचारायला मी २००१ साली तुझ्या गल्लीत आले होते. ‘माही लहान बहीण आहे’ म्हणत तू मला दारोदार नेलंस. एक्केचाळीसपैकी अडतीस जणी म्हणाल्या, दुसरं काम मिळालं. मी लिहिलं, यंत्र आलं तरी कामगार वर्षभरात सावरतो. त्या एका वाक्यावर माझी नोकरी, बढती, परदेशवाऱ्या.

गेल्या महिन्यात माझी विद्यार्थिनी रीना त्याच बायांना भेटून आली. ती माझ्याकडे शिकते हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं. परक्या पोरीजवळ सगळ्या मोकळ्या झाल्या. कोणाला दोन वर्षं काम नव्हतं, तुला तर तीन. तुझ्या मुलाखतीच्या कागदावर तिने तुझे शब्द जसेच्या तसे उतरवलेत: ‘बहीण आली होती तवा खोटं सांगतलं आमी. चार दिवसांसाठी घरी आली, तिले कायले रडगाणं आयकवाचं?’

रीनाने तो कागद माझ्या टेबलावर ठेवला आणि गेली.

घरी आलेल्या लेकीच्या ओटीत दुःख घालून पाठवत नाहीत, ही आपली रीत. ती दिल्लीकरांना माहीत नसेल, पण मी तिथलीच ना?

ताई, मला तेव्हाच कळलं होतं. तू म्हणालीस, ‘भेटलं ना वं काम, आज सुटी घेतली तुयासाठी.’ रोजीवरच्या बाईला सुटी कुठली? मंगळवारी भर दुपारी अडतीसच्या अडतीस जणी घरी सापडल्या. एकाही दारातून मला परत फिरावं लागलं नाही. मजुरीवर पीएचडी करणाऱ्या मुलीला याचा अर्थ कळू नये? मला उत्तर हवं तसं मिळालं होतं, म्हणून मी मान खाली घालून लिहून घेतलं. तू मायेने खोटं बोललीस. मी स्वार्थाने ते खरं मानलं.

लेख चुकीचा आहे असं मासिकाला काल कळवलं. इथे आता कोण बोलेल, कोण टाळेल, ठाऊक नाही. तसंही फार कोणी बोलत नव्हतं.

वीस तारखेला येते. कोंबडी कापू नकोस, गल्लीत सांगू नकोस. रीनाला बसवलंस तिथेच मला बसव आणि ती तीन वर्षं पहिल्यापासून सांग. मी लिहून घेणार नाही.

एक दिवस तुझी परकी,
अल्का