प्रश्न सोडून सगळं

१२ मार्च, सकाळी ७
मिरचीच्या आणखी नऊ झाडांनी माना टाकल्या. बायको रुख्मिणीचा सांबार, म्हणजे कोथिंबीर, आणि पालक मोडून वीस गुंठे मिरची लावायची आयडिया माझी. पिंपळगावच्या बाजारात तिच्या पालकाची गिऱ्हाइकं ठरलेली होती. मिरची जगवून दाखवतो, असा शब्द दिलाय.
'वावरकट्टा' हे शेतकऱ्यांचं ॲप घेतलं. पोस्ट टाकण्याआधी प्रकार निवडायचा: प्रश्न, लेख, पोल, कार्यक्रम. रुख्मिणी म्हणाली, प्रश्न टाका, कोनी तरी सांगनच. मी कृषी खात्यात एकतीस वर्षं काढली. रजेचे अर्ज पाहायचो, पण खातं कृषीच. मी प्रश्न विचारू? योग्य प्रकार: लेख.

१३ मार्च
लेख टाकला: 'उन्हाळी मिरची: माझे अनुभव'. अनुभव तीन आठवड्यांचा, पण भाषा जमली. झाड सुकल्यास पाणी वाढवा, असं ठणकावून लिहिलं. चुकलं असेल तर कोणी खोडून काढेलच. म्हणजे न विचारता उत्तर.

१५ मार्च
कोणी खोडलं नाही. अठ्ठ्याऐंशी लाइक. बीबी गावचा कोणी इंद्रभान लिहितो, साहेब, डोळे उघडले, आजच पाणी वाढवतो. बरं वाटलं. गेलेली झाडं एकतीस.

१९ मार्च, दुपार
प्रकार चुकला. लेखाला लोक मान देतात, उत्तर देत नाहीत. आज पोल. मिरची सुकल्यास काय कराल? पाणी वाढवू की पाणी तोडू? मी स्वतः मत दिलं नाही. तटस्थ राहिलेलं बरं.

२० मार्च
ब्याण्णव टक्के: पाणी वाढवू. कारण म्हणून सगळ्यांनी माझाच लेख चिकटवलाय. म्हणजे जनमत स्पष्ट आहे. ठिबक दोन तास जास्त चालवलं. रुख्मिणीनं एक झाड उपटून नाकाशी धरलं. म्हणे, मुळ्या सडून राह्यल्या, पानी बंद करा ना. मी म्हटलं, ब्याण्णव टक्के लोक वेडे आहेत का?

२७ मार्च
अर्धं वावर पिवळं. 'कार्यक्रम' टाकला: रविवारी आमच्या मिरचीत शिवारफेरी. एखादा जाणकार सहज बोलून जाईल.

२७ मार्च, संध्याकाळी
लोक आले तर मिरची पाहतील. कार्यक्रम रद्द.

४ एप्रिल
उभं झाड एकही नाही. रुख्मिणीनं सकाळपासून एकटीनं सगळी उपटून बांधावर टाकली. मला हाकही मारली नाही. फार वाईट वाटलं. ठरवलं, लाज गेली खड्ड्यात, प्रश्नच टाकायचा.
ॲप उघडलं. अभिनंदन, तुम्हाला 'तज्ज्ञ' दर्जा मिळाला आहे. तज्ज्ञांना 'प्रश्न' हा प्रकारच दिसत नाही. त्या जागी 'उत्तर' आहे.
खाली एक प्रश्न थांबलेला. इंद्रभानचा. साहेब, तुम्ही सांगितल्यापरमानं पाणी देलं, पुरी मिरची बसली. आता काय करू?
लिहिलं, मला माहीत नाही.
ॲप म्हणतं, उत्तर किमान पन्नास शब्दांचं हवं.