यावलला गेलेलं आवतण

पिंप्राळा, जळगाव
१८ जून २०२४

ती. सौ. अक्कास,
चारुलताचा सा. न. वि. वि.

फोनवर दोन वाक्यं होत नाहीत तोच भूमिका फोन हिसकावते, म्हणून हे पत्र. पोरगी दीड वर्षाची, पण आवाज भांडकुदळ बाईचा. मावशीवर गेलीय!

रक्त तपासायच्या एका लॅबमध्ये जागा निघालीय. मुलाखत छान झाली, पण वेळ सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, लेकराकडे कोण बघणार? म्हटलं, विचारून कळवते. हितेंद्रना विचारलं तर म्हणाले, तुला हवं ते कर. अशा नवऱ्याशी धड भांडताही येत नाही.

अक्का, मला काम हवंय गं. मायक्रोस्कोपला डोळा लावला की मला दुसरं काही सुचायचं नाही, इतकं आवडायचं. पण भूमिकाला दिवसभर सोडायला मन धजत नाही. काय करू?

लोभ असू दे, सल्ला मात्र जरा कमी तिखट.
तुझी चारू

धुळे
२२ जून

चि. सौ. चारूस अनेक आशीर्वाद.

इकडे बठ्ठं बेस शे, सगळी मजेत. तुझं काम मी करून टाकलं! पत्र वाचलं आणि थेट यावलला तुझ्या सासूबाईंना फोन लावला. म्हटलं, बेबाबाई, चारूची नोकरी अडलीय, वर्षभर नातीपाशी येऊन राहा. लगेच हो म्हणाल्या. एका फोनचं काम, आणि तू नुसती कुढत बसलीस.

आता लॅबला होकार कळव आणि भूमिकाचा पापा घे.
तुझीच, ज्योतीअक्का

पिंप्राळा
३ जुलै

ती. सौ. अक्कास, सा. न. वि. वि.

काय करून बसलीस गं! सासूबाई एस.टी.ने पिशव्या घेऊन हजर. त्यांचा बचत गट केळीचे वेफर्स करतो, आणि आषाढी एकादशी तोंडावर आलीय. वर्षातली सगळ्यात मोठी विक्री सोडून आल्या. सुनेच्या माहेरचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, ही त्यांची रीत. तू मागितलंस म्हणजे त्यांना नाही म्हणायची सोयच उरली नाही. लग्नात मानपानावरून तूच सगळ्यांना ऐकवलं होतंस, आणि हे सुचलं नाही?

त्यांच्या मांडीवर भूमिका, कानाला गटाचा फोन. तेल बदला, मीठ बेतानं घाला, अमकीचं लेकरू आजारी तर तिची सकाळची पाळी दुसरीला द्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझं काम सुरू व्हावं म्हणून त्यांचं बंद करायचं?

पण त्या पाळ्या ऐकूनच सुचलं. शेजारच्या गल्लीतली दिपमाला जुन्या लॅबमध्ये माझ्याबरोबर होती, आता तीही मुलापायी घरी आहे. आम्ही दोघी मिळून डॉक्टरीणबाईंकडे गेलो. जागा एक, माणसं दोन. सकाळी ती, दुपारी मी. जी घरी, तिच्याकडे दोन्ही पोरं. बाईंनी आठवड्याचं वेळापत्रक काढून पाहिलं. मग म्हणाल्या, चालेल, पण सोमवारी गर्दी असते, त्या दिवशी दोघी हव्यात.

सासूबाईंना काल यावलच्या गाडीत बसवून दिलं. रागावलेय, पण लोभ तोच आहे.
चारू

पिंप्राळा
५ जुलै

ती. सौ. आईंस,
चारुलताचा शि. सा. न. वि. वि.

तुम्ही इथे होतात तेव्हा समोर बोलायला जीभ रेटली नाही, म्हणून लिहिते. अक्काला मध्ये घातलेलं नाही. एकादशी झाली की दर सोमवारपुरतं दोन्ही पोरांजवळ याल का? सोमवारची सोय झाली नाही तर मला लॅबला नकार द्यावा लागेल, हे लपवत नाही. तरीही तुम्हाला जमत नसेल तर खुशाल नाही म्हणा. वाईट वाटेल, राग येणार नाही.

आशीर्वाद असावा.
चारुलता

यावल
९ जुलै

चि. सौ. चारुलतास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी राग आला, की सासूला लेखी कळवते! मग पुन्हा वाचलं. अगं, आजवर मला सगळ्यांनी सांगितलंच. याल का, असं तू पहिल्यांदा विचारलंस. डोळ्यांत पाणी आलं.

सोमवारी येत जाईन. पण ही सावड समज. शेतात आज मी तुझ्याकडे राबले तर उद्या तू माझ्याकडे राबायचं, तसं. सावड फेडावी लागते. रविवारी गटात पाकिटं भरायला हात कमी पडतात. तू नको येऊस, तू दमलेली असशील. हितेंद्रला पाठव.

आणि त्याला विचारत बसू नको. नुसतं सांग.

नातीला आणि दिपमालेच्या पोराला गोड पापा.
बेबाबाई