मैत्रीनगर ऊर्फ पंक्चर

मैत्रीनगर (धुळ्याबाहेर, नरडाणा रस्ता)
बुधवार, १२ जून १९९१

ती. रुपचंदभाऊंना यादवचा सप्रेम जयभीम.

आपल्या वस्तीला बसचा थांबा मंजूर झाला. डेपोतले कंट्रोलर गिरधरराव यांनी आज स्वतः सांगितलं, म्हणजे बातमी पक्की. तुमची कंबर कशी आहे? रिटायर झाल्यावर तरी पारोळ्यात स्वस्थ बसता, की खाटेवर बसून अजून गियर बदलता? इकडे सर्व खुशाल.

फक्त सोमवारी पेंटर येतोय, आणि थांब्याच्या पाटीवर 'पंक्चर' लिहिणार आहे. ते मी होऊ देणार नाही. आठ वर्षं आम्ही ना नगरपालिकेचे, ना ग्रामपंचायतीचे (दिव्याचा खांब मागितला की दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात). निदान नाव तरी धड असावं! इथं पहिलं घर माझं. आम्ही राहायला आलो त्या दिवशी भर माळावर तुमची बस पंक्चर झाली आणि आमची लिलाबाई पेटी, पाटा-वरवंटा आणि कोंबडीसकट उतरली. तेव्हापासून लोक कंडक्टरला 'पंक्चरला उतरवा' म्हणू लागले. पुढे बन्सीलालने तिथंच सायकलचं दुकान टाकलं. मी 'मैत्रीनगर' अशी लाकडी पाटी ठोकली, तर तिच्यावर तो ट्यूबा वाळत घालतो. परवा मीटिंगमध्ये म्हणाला, "काका, नाव तं शेच ना! बठ्ठा लोके पंक्चरच म्हनतस. मैत्रीनगर कोनले सापडी?" सगळे हसले (तुमची बहीण सर्वांत आधी). गिरधरराव म्हणतात, रूढ झालेलं नाव बदलायला सबळ कारण हवं.

आपला,
यादव

ता.क. कारण माझ्याकडे आहे. त्या दिवशी चाक पंक्चर नव्हतंच. बहिणीला सामानासकट दारात उतरवता यावं म्हणून तुम्ही मुद्दाम बस थांबवलीत (मी चाकाला लाथ मारून पाहिली होती, अंगठा सुजला). आता नोकरीची भीती नाही. डेपोत येऊन एवढं खरं सांगितलंत, की नाव रद्द.

ता.क. दुसरा : हे लिलाबाईला वाचून दाखवलं. एवढंच म्हणाली, "माझ्या भावानं माझ्यासाठी गाडी थांबवली. ते नाव पुसता का?" मी डगमगलेलो नाही. तुम्ही रविवारी याच.

ता.क. तिसरा : धुळ्याहून नरडाण्याची बस धरा आणि कंडक्टरला 'पंक्चर' म्हणा. मैत्रीनगर म्हणालात, तर थेट नरडाण्याला उतरवतील, आणि सोमवारी पेंटर वेळेवर येणार आहे.